वणव्यानंतरचा डोंगर आणि सरकारी पैसा

फाल्गुन-चैत्रात आपल्याकडील अनेक डोंगरांवर रात्री आगीच्या माळा दिसतात. कोठे राब भाजताना उडालेली ठिणगी, कोठे मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखाली लावलेली आग, तर कोठे ‘गवत जाळले म्हणजे पुढील साली चांगले उगवते’ ही जुनी समजूत त्यांच्या मुळाशी असते. वणवा टाळण्याविषयी पुष्कळ लिहिले जाते व ते योग्यच आहे. परंतु जळालेल्या डोंगराचे पुढे काय करावयाचे आणि त्यासाठी पैसा कसा खर्चावयाचा, या प्रश्नाकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही.

जळालेला डोंगर मेलेला नसतो. पळस, टेंभुर्णी, साग यांच्या जिवंत मुळांना पुन्हा धुमारे फुटतात; पवना, मारवेल यांसारख्या बहुवर्षायू गवतांची ठोंबेही पालवतात. त्यांना एक-दोन पावसाळे चराईपासून विश्रांती मिळाली, तर डोंगर आपण होऊन सावरतो. परंतु दरसाल आग आणि कोवळ्या फुटीवर लगेच गुरे, असे चालले की चांगली गवते हटतात व कुसळी माजते. तिचे टोकदार बी जमिनीत स्वतःला पिळून घेते, म्हणून ते आगीतूनही बचावते. उरलेल्या जागेत रानमोडी व घाणेरी शिरतात. गुरांना चारा नाही, मातीला आधार नाही, अशी मग स्थिती होते.

अशा डोंगरावर खड्डे खणून गिरिपुष्पाची रोपे लावण्याकडे कल असतो. गिरिपुष्प बांधावर हिरवळीच्या खतासाठी उत्तम आहे. ते लवकर वाढते व त्याची रोपे सहज मिळतात, हेही खरे. परंतु ते मूळचे मध्य अमेरिकेतील झाड आहे. हिरडा, ऐन, धावडा व देशी गवते यांची जागा ते भरून काढू शकत नाही.

पैशाची तरतूद मुळीच नाही असे नव्हे. प्रतिपूरक वनीकरण निधी अधिनियम, २०१६ अन्वये जमा निधीचा नव्वद टक्के भाग राज्यांच्या वाट्याला येतो, आणि २०१८ च्या नियमांत नैसर्गिक पुनरुत्पत्तीस साहाय्य, मृद्संधारण व वणवा-नियंत्रण ही कामे समाविष्ट आहेत. खरी अडचण वेळापत्रकाची आहे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, तर वणव्याचा हंगाम फेब्रुवारीपासून पावसाळ्यापर्यंत चालतो. गवताचे बी दिवाळीच्या सुमारास गोळा करावे लागते, पळसाच्या शेंगा उन्हाळ्याच्या अखेरीस. आग लागल्यावर मागणी करून आलेल्या पैशाने गेलेल्या हंगामातील बी मिळत नाही. मग जी रोपे तयार असतील तीच लावली जातात.

अमेरिकेच्या पश्चिम भागातही वारंवारच्या आगींनंतर परदेशी गवताने मूळची झुडुपे हटविली. तेथे २०१५ मध्ये देशी बियाण्यांसाठी राष्ट्रीय धोरण आखण्यात आले. आग लागण्यापूर्वीच बी साठविले पाहिजे, हा त्यातील धडा आपणांसही लागू आहे.

म्हणून आमच्या मते तीन गोष्टी व्हाव्यात. पहिली, वणव्यानंतरच्या कामाचा निधी एका पावसाळ्यापुरता न देता किमान तीन वर्षांसाठी द्यावा. दुसरी, त्यातील निश्चित भाग देशी बी गोळा करण्याच्या मजुरीसाठी दरसाल राखून ठेवावा. हे काम गावातील स्त्री-पुरुषांना उत्तम साधते. तिसरी, वनहक्क कायदा, २००६ अन्वये जेथे ग्रामसभेस सामूहिक हक्क मिळाले आहेत, तेथे चराईबंदी व देखरेखीचा खर्च ग्रामसभेच्या हाती द्यावा. कामाचे मोजमापही खड्ड्यांच्या संख्येवर न करता तिसऱ्या वर्षी उभ्या असलेल्या गवत-झाडांवर करावे.

शेतकरी बंधूंनी याचा विचार अवश्य करावा. चराईबंदीची झळ प्रथम गुरे पाळणाऱ्यास लागते. म्हणून बंद भागातील गवत कापून नेण्याचा हक्क त्यालाच असला पाहिजे. असे झाले, तर डोंगर राखणे हे सरकारी काम न राहता गावाच्या हिताचे काम होईल, आणि पुढील फाल्गुनात काडी पेटविणारा हात आपोआप आखडेल.