शेततळ्यातलं पाणी काढलं म्हणजे वाया गेलं का?



ऊन तापलं की शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांचा एकच प्रश्न येतो. "पाणी हिरवंगार झालंय, पहाटे मासे वर तोंड काढतात, कुठलं औषध टाकू?" माझं मत स्पष्ट आहे. बाटली आणण्याआधी तळाचं पाणी पिकाला सोडा.

हिशोब बघा. २८ टक्के प्रथिनांच्या १०० किलो खाद्यात साधारण ४.५ किलो नत्र असतं. माशाच्या अंगी लागतं त्यातलं पाव ते एक तृतीयांश. उरलेलं ३ किलोच्या आसपास नत्र पाण्यात उतरतं. तेवढं नत्र म्हणजे साडेसहा किलो युरियातलं! मातीच्या तळ्यात थोडं तरी मातीत मुरतं, प्लॅस्टिक कागदाच्या तळ्यात ते जाणार कुठं?

जिवाणू अमोनियाचं नायट्राइट अन् पुढं नायट्रेट करतात. पहिली दोन माशाला घातक. सामू अन् तापमान वाढलं की अमोनिया आणखी जहाल होतो. नायट्रेटचा त्रास कमी, पण ते साठत जातं आणि त्यावर शेवाळ पोसतं. शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, रात्री तोच ओढतं. म्हणून पहाटे मासे वर येतात.

वनस्पती मदत करतात. बांबूच्या तराफ्यावर कर्दळ लावा, मुळं पाण्यात सोडा, मासे कुरतडत असतील तर खाली जाळी बांधा. पण वाढलेला पाला कापून बाहेर काढला तरच नत्र बाहेर जातं. तिथंच कुजला तर सगळं परत पाण्यात. अझोला कोंबड्या-जनावरांना चांगला, पण तो हवेतलं नत्रही बांधतो, म्हणून या कामाला कर्दळ बरी. जलपर्णी मात्र नकोच, आवरत नाही.

पाणी काढायचं ते तळाचं, एका वेळी १० ते १५ टक्के. अर्धं तळं एकदम बदललं तर माशांना झटका बसतो. बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, ते उंचावरून दगडावर आपटत पडू द्या. मासे वर आलेच असतील तर त्या दिवशी खाद्य बंद.

"टंचाईत पाणी कसं काढू?" असं विचाराल. अहो, पिकाला पाणी द्यायचंच आहे ना? मग विहिरीचं आधी तळ्यात घ्या, तळ्यातलं पिकाला द्या. ठिबक असेल तर वाळूच्या फिल्टरमधून सोडा. खाद्याचे पैसे एकदा मोजलेत, त्यातलं खत तळ्याच्या तळाशी कशाला सडवायचं?