निळा रंग परका कसा?

‘दख्खनचा खरा रंग काळ्या पाषाणाचा, निळ्या झिलईची फरशी म्हणजे इराणी उसनवारी.’ हे विधान इतिहासप्रेमी तरुणांच्या तोंडी हल्ली वारंवार ऐकू येते. मी शिरपूर जैनचा. पवळी मंदिराचा दगड पाहतच वाढलो. पाषाणाचे प्रेम मला कोणी शिकवू नये. तरीही हे विधान मला साफ अमान्य आहे.

देवगिरीचा चांद मिनार घ्या. अल्लाउद्दीन अहमदशहा बहमनीने १४४५ च्या सुमारास तो उभारला, तेव्हा तो निळ्या फरश्यांनी मढवलेला होता. त्याच किल्ल्यातल्या चिनी महालाला नावच मुळी दर्शनी भागावरच्या निळ्या-पांढऱ्या फरश्यांमुळे मिळाले. तेथील अबुल हसन तानाशहाची कैद आपल्याला पाठ असते. नावाचा अर्थ मात्र आपण विचारीत नाही. पुढे १४७२ मध्ये बिदरला महमूद गवानचा मदरसा उभा राहिला, त्याच्याही भिंतींवर हीच झळाळी होती.

तंत्र इराणातून आले, हे निर्विवाद. कोबाल्टने गडद निळा, तांब्याने फिरोजी, कथलाने पांढरा रंग साधायचा आणि भट्टीत त्याची काच करायची, ही विद्या तिकडची. पण विद्या बाहेरून आली म्हणून वास्तू परकी ठरते काय? ग्वाल्हेरच्या मानसिंह तोमराने आपल्या महालाच्या भिंतींवर अशाच फरश्यांत हत्ती, बदके आणि केळी रांगेने उभी केली. त्या महालाला इराणी म्हणण्याचे धाडस कोणी करून दाखवावे!

शिवाय पाषाण तरी उघडा कुठे होता? देवगिरीपासून जवळच असलेल्या वेरूळच्या कैलास लेण्यावर गिलावा होता, रंगकाम होते. लोक त्याला ‘रंगमहाल’ म्हणत. आज दिसणारा उघडा दगड हे पुष्कळदा पडझडीनंतर उरलेले रूप असते. त्यालाच मूळ मानणे ही आपली आळशी नजर आहे.

‘मग जुन्या देवळांच्या गाभाऱ्यांत आज बसवतात त्या टाइल्सही चांगल्याच की!’ असे कोणी म्हणेल. मुळीच नाही. चांद मिनाराची फरशी रचनाकारानेच योजलेली होती. आजची फरशी सिमेंटने घडीव दगडावर थापली जाते. ती कोरीवकाम झाकते, शिलालेख गिळते आणि ओल आतच कोंडते.

जुन्या फरशीचा वैरीही ओलावाच. चुन्याच्या सांध्यातून पाणी मागे शिरते, क्षार साठतात, एक तुकडा सुटतो आणि शेजारच्याची कड उघडी पडते. चिनी महालात उरलेल्या तुकड्यांची कड अशीच उघडी आहे, आणि आपण त्यांना परके म्हणत पुढे निघतो.