उजेड कमी, म्हणून रोग कमी?

पावसाच्या तोंडावर चमकणारा काजवा आपण सर्वांनी पाहिला आहे. वाचकहो, तोच काजवा आज कर्करोगाच्या संशोधनात राबतो आहे.

काजव्याचे जनुक कर्करोगाच्या पेशींत घालतात आणि त्या पेशी उंदराच्या अंगात सोडतात. ल्युसिफेरिनचे इंजेक्शन दिले की जिवंत उंदराच्या आतली गाठ मंद उजळते. अंधाऱ्या पेटीतला कॅमेरा तो उजेड मोजतो. उंदीर न मारता औषधाचा परिणाम पुन्हा पुन्हा पाहता येतो.

पण हा उजेड फसवाही आहे. पोटात दिलेले इंजेक्शन चुकून आतड्यात गेले, तर तो घटतो. साधारण 10 ते 20 मिनिटांनी तो भरास येतो. आधी-नंतर मोजला तर आकडा वेगळा. काळे केस आणि रक्त उजेड गिळतात. गाठ खोल असली की अंधुक दिसते. प्राणवायू कमी पोचला, तर पेशी जिवंत असूनही दिवा मंद. भुलीचाही फरक पडतो.

म्हणून वेळ, मात्रा, भूल सारखी ठेवून अनेक उंदीर तपासावे लागतात.

‘उंदराचा कर्करोग बरा झाला’ अशी बातमी वाचून घरातल्या रुग्णाचे उपचार थांबवू नका. आधी विचारा, मोजले कसे? आम्हीही हेच विचारतो.