दारी उभा असलेला अनोळखी

तिन्हीसांजेला कोणी परका माणूस अंगणात येऊन उभा राहिला, तर त्यास आधी पाणी विचारावे की नावगाव विचारावे? आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळीही ठग आणि पेंढारी ह्यांच्या गोष्टी लोकांच्या कानांवर होत्याच. ते लोक भोळे होते असे कोणी समजू नये. तरीही आधी तांब्या पुढे होई आणि मग चौकशी होई. आज पुष्कळ घरी चौकशीही होत नाही. दार लोटले जाते आणि परका मुकाट्याने पुढे जातो. ह्यात आपण शहाणे झालो की काही गमावून बसलो, ह्याचा विचार ह्या आठवड्यात वाचकांबरोबर करावा असे आम्हांस वाटते.

त्यासाठी शंभराहून अधिक वर्षे मागे, बडोद्यातील एका मराठी घरी जाऊ. नरहरपंत भावे हे कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, गागोदे गावचे. नोकरीनिमित्त ते बडोद्यास राहत. त्यांचा थोरला मुलगा विनायक ह्याचा जन्म १८९५ साली गागोद्यास झाला व शिक्षण बडोद्यास झाले. हाच पुढे विनोबा म्हणून प्रसिद्ध झाला. एकदा एक धडधाकट भिकारी दाराशी आला आणि आई रुक्मिणीबाईंनी त्यास भिक्षा घातली. शाळकरी मुलाने हिशेब मांडला, की अशाने आळस वाढतो आणि अपात्री दान देणाऱ्यासही बाधते. माउलीचे उत्तर साधे होते. दारी आलेला आपल्यासाठी परमेश्वरच. त्याची पात्रता पारखणारे आपण कोण? ह्या बोलण्याला उत्तर आपल्याला तेव्हाही सुचले नाही आणि नंतरही सुचले नाही, असे विनोबा मोठेपणी सांगत.

आईचा हा धडा मुलास फार दूर घेऊन गेला. २५ मार्च १९१६ रोजी विनायक इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईच्या गाडीत बसला. परंतु सुरतेस उतरून त्याने काशीची वाट धरली. तेथे दुपारचे जेवण अन्नछत्रात मिळे. म्हणजे ज्यांचे तोंड कधी पाहिले नाही अशा दात्यांच्या अन्नावर त्याने दिवस काढले. पुढे गांधीजींच्या आश्रमात आल्यावर काही काळ रजा घेऊन त्याने महाराष्ट्रात शेकडो मैल पायी प्रवास केला.

ह्या चालण्याचे मोठे फळ १९५१ साली दिसले. तेलंगणात त्या वेळी जमीनदार, सशस्त्र कम्युनिस्ट आणि सरकारी फौज ह्यांच्या झगड्यात गावे होरपळत होती. विनोबा तेथे पायीच गेले. १८ एप्रिल रोजी पोचमपल्ली गावी हरिजन कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. विनोबांजवळ कोठली जमीन? त्यांनी सभेतच विचारणा केली, आणि रामचंद्र रेड्डी ह्या गृहस्थाने उभे राहून १०० एकर देऊ केले. तेथून भूदानाची पदयात्रा सुरू झाली आणि पुढील तेरा वर्षे, १९६४ पर्यंत, चालली. रोज पहाटे अंधारात कंदिलाच्या उजेडात निघावे, दहाबारा मैल चालावे, नव्या गावी मुक्काम करावा आणि परक्यांच्या घरचे अन्न घ्यावे, असा क्रम होता. १९६२ साली ते पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, असेच चालत गेले. तेथेही लोकांनी जमीन दिली.

विश्वासाला नेहमी यशच येते असे मात्र आम्ही म्हणणार नाही; तसे म्हणणे खोटे होईल. १९५३ साली देवघरच्या वैद्यनाथ मंदिरात हरिजनांसह गेले असता विनोबांना पंड्यांकडून मार बसला. दानात मिळालेल्या जमिनींपैकी पुष्कळशी नापीक किंवा तंट्याची निघाली, आणि पुष्कळशी वाटलीच गेली नाही. आणि तरीही मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात सुमारे वीस दरोडेखोर ह्या निःशस्त्र म्हाताऱ्यापुढे बंदुका ठेवून शरण आले. त्याने त्यांस माफीचे आमिष दाखविले नव्हते. त्यांच्यावर खटले झाले व शिक्षाही झाल्या.

विनोबांच्या आशीर्वादाने दोन तरुण तर जगाच्या वाटेस लागले. सतीशकुमार आणि ई. पी. मेनन हे १ जून १९६२ रोजी दिल्लीहून, राजघाटावरून, अण्वस्त्रांविरुद्ध पायी निघाले. जवळ पैसा ठेवू नका, असा विनोबांचा सल्ला होता. पैसा असला म्हणजे थकलेला वाटसरू खाणावळ शोधतो. नसला म्हणजे त्यास माणसाचे दार ठोठवावे लागते. पाकिस्तानच्या सीमेवर एका स्नेह्याने शिदोरीची पुडकी देऊ केली. ही अन्नाची नव्हेत, अविश्वासाची पुडकी आहेत, अशा भावनेने सतीशकुमारांनी ती नाकारली. सीमा ओलांडताच त्यांची वार्ता कळलेला एक अपरिचित मुसलमान त्यांस नेण्यासाठी उभा होता. अफगाणिस्तान, इराण, मॉस्को करीत ते पॅरिसला पोहोचले. तेथे त्यांस तुरुंगही पाहावा लागला. पुढे जहाजाने अमेरिकेस जाऊन जानेवारी १९६४ मध्ये वॉशिंग्टन येथे त्यांची यात्रा संपली.

आम्हां ख्रिस्ती लोकांस ह्यात नवल वाटू नये. प्रभूने शिष्यांस दोघादोघांनी पाठविले तेव्हा झोळी व पैसा घेऊ नका अशीच आज्ञा केली होती. संत इग्नेशियस ह्यांनी येशू संघात येणाऱ्या तरुणांसाठी एक महिना पैशाविना, भिक्षा मागत पायी यात्रा करण्याची कसोटी ठरवून दिली. दुसऱ्याच्या दारी रिकाम्या हाताने उभे राहिल्यावाचून माणसास माणसाची किंमत कळत नाही, हे त्या संताने जाणले होते.

ह्या सर्व वाटसरूंत एक गोष्ट समान दिसते. ते पायी आले, दिवसाउजेडी आले, हाती शस्त्र न घेता आले आणि आपले काम उघड सांगत आले. आधी ते स्वतः दुबळे झाले, मग समोरच्याने दार उघडले. परंतु दाराच्या आतल्या बाजूस आपण आहोत. अर्धे काम आपले आहे.

ते अर्धे काम न झाल्यास काय होते, हे आपल्याच महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने ठार मारले. मंगळवेढ्याकडून आलेले ते गरीब लोक पिढ्यान्‌पिढ्या भिक्षेवर हिंडणारे होते. त्यांचा अपराध एवढाच, की मुले पळविणारी टोळी फिरते अशी अफवा त्यांच्याआधी गावात पोहोचली होती. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे सुरतेकडे निघालेले दोन साधू व त्यांचा गाडीवान ह्यांचाही तसाच अंत झाला. टाळेबंदीमुळे ते आडवाटेने चालले होते. ज्या सुरतेस एक तरुण निश्चिंतपणे गाडीतून उतरला, त्या सुरतेपर्यंत हे तिघे पोहोचू शकले नाहीत. मारणारे राक्षस नव्हते. लेकराबाळांची काळजी असलेले गावकरीच होते. भीतीला चौकशीची जोड नसली म्हणजे चांगल्या माणसांच्या हातूनही असे घडते.

मग आईबापांनी करावे तरी काय? मुलांस कोणाही परक्याबरोबर जाऊ द्यावे, किंवा एकट्या स्त्रीने रात्री दार उघडावे, असे आम्ही सांगत नाही. सावधपणा हा सद्गुणच आहे. परंतु ओसरीवर पाणी देण्यास घरची किल्ली द्यावी लागत नाही. नाव, गाव आणि काम विचारावे. शेजाऱ्यास हाक मारावी. संशय आला तर पोलीस पाटलांस कळवावे व माणसास त्यांच्या हवाली करावे. हात मात्र कोणी उचलू नये. भ्रमणध्वनीवर आलेली भयाची बातमी खरी की खोटी हे कळेपर्यंत पुढे धाडू नये. आणि पाण्याचा तांब्या शक्य तेव्हा मुलांच्या देखत द्यावा, कारण बडोद्याच्या त्या मुलाने जे शिकले ते आईचे हात पाहून शिकले.

अम्माऊसच्या वाटेवर त्या दोघां शिष्यांनी सोबतच्या परक्यास अंधार पडतो आहे म्हणून राहण्याचा आग्रह केला. तो केला नसता, तर भाकर मोडताना त्यांनी कोणास ओळखले असते?