भाजलेल्या जागेवरचा पापुद्रा

मिरजेच्या सतारी आपण ऐकतो. त्यांचे भोपळे आणि लाकूड जुने कारागीर सरसाने जोडत. सरस म्हणजे जनावराची कातडी, हाडे उकळून काढलेला चिकट रस. कातडीला आणि हाडाला बळकटी देणारे जे प्रथिन, त्याचे नाव कोलॅजन. ते उकळले की सरस होतो. न उकळता शुद्ध केले तर डॉक्टरांच्या कामी येते.

तुमच्या घरातही ते येऊन गेले असेल. बाळंतपणात "टाके काढायला नको, आपोआप विरघळतील" असे सांगत, तो दोरा बहुधा कॅटगटचा. नावात मांजर असले तरी मांजराचा त्यात संबंध नाही. मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्याच्या पदरापासून तो करतात. डॉ. वानलेस यांनी 1894 साली मिरजेत रुग्णालय उभारले, तेव्हा शस्त्रक्रियेत हा दोरा सर्रास चाले. आता पुष्कळ ठिकाणी कृत्रिम धागे आले आहेत.

पण आज सांगायचे आहे ते भाजण्याविषयी. गुऱ्हाळावर काकवी अंगावर उडते, चुलीपाशी पोराच्या हातावर चहा सांडतो. फोड येऊन कातडी सोलवटली, की डॉक्टर काही वेळा कोलॅजनचा पातळ पापुद्रा जखमेवर बसवतात. उघडी जागा झाकली जाते, आग कमी होते, रोज पट्टी सोलण्याचा त्रास वाचतो. खाली नवी कातडी धरली की पापुद्रा वाळून सुटतो. फार खोल भाजले असेल तर मात्र याने भागत नाही. रोग्याचीच कातडी काढून लावावी लागते.

हा पापुद्रा गुरांपासून करतात, माशांपासूनही करतात. कुणाच्या मनाला ते पटत नसेल, तर आधीच विचारावे; त्यात भीड कसली?

आणि तो बसतो स्वच्छ, ताज्या जखमेवर. आपण काय करतो? शाई, दंतमंजन, हळद, राख, जे हाताला लागेल ते थापतो! मग ते खरवडून काढताना लेकरू किंचाळते, आणि जखमेत पू झाला तर पापुद्रा बसवता येत नाही.

तेव्हा भाजताच साध्या पाण्याची धार 20 मिनिटे धरा. बर्फ नको. बांगड्या, अंगठ्या लगेच काढा, नंतर सूज येते. चिकटलेला कपडा किंवा काकवी ओढू नका, फोड फोडू नका. धुतलेले फडके सैल गुंडाळून दवाखाना गाठा. तिथे किती वाजता, कशाने भाजले आणि काय लावले ते न लपवता सांगा. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले, तेही.