म्हशीचे वर्ष आणि विद्यापीठाचे वर्ष

बँकेचे वर्ष ३१ मार्चला संपते, शेतकऱ्याचे मृगाबरोबर सुरू होते आणि शाळेचे जूनच्या मध्याला. म्हशीचे वर्ष कोणत्या कॅलेंडरात छापलेले नसते, पण तेही ठरलेले असते. दिवस लहान होऊ लागले, हवेत गारवा आला की म्हैस माजावर येते. आपल्याकडे साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा तो काळ. ती सुमारे ३१० दिवस गाभण राहते. म्हणजे पुढच्या वर्षी पोळ्याच्या आगेमागे म्हशी विण्यास सुरुवात होते आणि डिसेंबर संपेपर्यंत बहुतेक गोठ्यांतली ही धांदल उरकलेली असते. या धांदलीच्या ऐन मध्यावर दिवाळी येते. दिवाळीत महाविद्यालये बंद असतात आणि वसतिगृहे रिकामी होतात.

हिंगोली जिल्ह्यात पशुवैद्यकीय महाविद्यालय नाही. जिल्हाच मुळी १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यामुळे हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तालुक्यांचे डोळे आजही परभणीकडे असतात. तिथले महाविद्यालय १९७२ चे, मराठवाडा कृषी विद्यापीठाबरोबर जन्मलेले. २००० साली नागपूरला महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ ही सगळी महाविद्यालये त्याच्या छत्राखाली गेली. हिंगोलीकडे येणारा तरुण डॉक्टर बहुधा परभणी किंवा उदगीरचा शिकलेला असतो. म्हणूनच तिथले वेळापत्रक हा काही त्या महाविद्यालयांचा घरगुती प्रश्न नाही. सत्र केव्हा सुरू होते, सुट्टी केव्हा लागते, परीक्षा कोणत्या महिन्यात येते आणि इंटर्नशिपची पाळी कुठल्या ऋतूत पडते, यावर सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या अडलेल्या म्हशीचे भवितव्य अवलंबून असते. हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून थोडे तपशिलात जातो.

या अभ्यासक्रमाचा सांगाडा विद्यापीठ ठरवत नाही. १९८४ च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय पशुवैद्यक परिषद तो ठरवते. कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतल्या लँड-ग्रँट विद्यापीठांच्या धर्तीवर सत्रपद्धती उचलली होती आणि पशुवैद्यकाचे शिक्षणही दीर्घकाळ त्याच साच्यातून गेले. परिषदेच्या १९९३ च्या नियमांत इंटर्नशिप सहा महिन्यांची होती. २०१६ च्या नियमांनी वार्षिक पद्धत आणली. पहिली तीन व्यावसायिक वर्षे बारा-बारा महिन्यांची, चौथे वर्ष अठरा महिन्यांचे आणि त्यानंतर पूर्ण एक वर्षाची फिरती इंटर्नशिप, असा आता साडेपाच वर्षांचा प्रवास आहे. हजेरी ७५ टक्के हवीच.

सहा महिन्यांचे बारा महिने झाले तेव्हा ओळखीच्या काही पालकांनी कपाळाला हात लावला होता. मुलगा कमावता व्हायला आणखी उशीर, ही त्यांची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. पण जनावराच्या बाजूने पाहिले तर हा निर्णय फार शहाणपणाचा होता. जनावरांचे आजार ऋतूंप्रमाणे येतात. मे-जूनमध्ये, पाऊस पडण्याआधी, घटसर्प आणि फऱ्याच्या लसी टोचून व्हायला हव्यात. पहिल्या पावसाचे कोवळे गवत खाऊन शेळ्या-मेंढ्या आंत्रविषाराने पटापट मरतात. पावसाळ्यात गोचीड वाढतात आणि संकरित गाईंना गोचीड-ताप येतो. त्याच सुमारास तिवा येतो आणि धडधाकट बैल तीन दिवस जागचा हलत नाही. पोळ्यापासून म्हशी विऊ लागतात. वार अडकते, अंग बाहेर येते, गर्भाशयाला पीळ पडतो. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गाड्या निघतात आणि परक्या मुलखात बैल एकत्र आले की लाळ-खुरकताची भीती. त्यापुढच्या महिन्यांत जुवाखाली सुजलेले खांदे. उन्हाळ्यात चारा-पाण्याचे हाल, उष्माघात, आणि भुकेने कचऱ्यातले प्लॅस्टिक खाल्लेली गाय.

आता जुन्या पद्धतीत जो मुलगा जानेवारीत इंटर्नशिपला लागला आणि जूनमध्ये मोकळा झाला, त्याने यातले काय पाहिले? अर्धेच. पदवी पुरी मिळाली, नोंदणी झाली, पण पावसाळा त्याने पुस्तकात वाचला. मी बँकेत असताना कयाधूकाठच्या एका गावात असाच एक नवा डॉक्टर पाहिला होता. म्हैस दुपारपासून कळा देत होती. त्याने हात घालून तपासले आणि पीळ आहे हे अचूक ओळखले. पुढे काय करायचे हेही त्याला पाठ होते: ज्या बाजूला पीळ त्या बाजूवर म्हशीला आडवी पाडायची, पोटावर लाकडी फळी ठेवून तिच्यावर एकाने उभे राहायचे आणि दोर ओढून जनावर त्याच दिशेला लोळवायचे, म्हणजे गर्भाशय जागी राहते आणि शरीर फिरते. मात्र हे त्याने कधी केलेले नव्हते. फळी कुठली आणायची, दोरावर माणसे किती लावायची, यात तास गेला. गावातल्या एका वृद्ध पशुधन पर्यवेक्षकाने शेवटी सूत्रे हाती घेतली. म्हैस वाचली, रेडकू गेले. तो मुलगा हुशार होता. त्याची इंटर्नशिप म्हशी न विणाऱ्या महिन्यांत झाली होती, इतकेच.

बारा महिन्यांनी हा दोष निम्मा दूर झाला. उरलेला निम्मा पाळ्यांच्या वाटपात आहे. फिरती इंटर्नशिप म्हणजे काही आठवडे महाविद्यालयाच्या दवाखान्यात, काही पशुधन प्रक्षेत्रावर, काही सार्वजनिक आरोग्य आणि मांस तपासणीच्या कामात, काही ग्रामीण दवाखान्यात. तुकडीचे गट पाडतात आणि चक्र फिरत राहते. ज्या गटाची ग्रामीण पाळी एप्रिलमध्ये आली त्याला कळमनुरीचे ऊन दिसते, विणारी म्हैस दिसत नाही. ज्याची सप्टेंबरात आली तो चार आठवड्यांत चार वर्षांचे शिकतो. कागदावर दोघांचे आठवडे सारखे आणि प्रमाणपत्रही एकच. ग्रामीण पाळीचे दोन तुकडे केले, एक उन्हाळ्यात आणि एक श्रावण ते कार्तिक या काळात, तर हा अन्याय टळेल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, वहीत रकाने नव्याने आखावे लागतात. अठरा महिन्यांच्या चौथ्या वर्षाचेही तसेच आहे. दीड वर्षात एक पावसाळा नक्की येतो, नशीब असेल तर दोन. किती येणार हे पहिल्या वर्षी प्रवेश केव्हा झाला यावर ठरते.

आणि तिथेच सगळा घोळ आहे. पशुवैद्यकाचे प्रवेश नीटच्या गुणांवर होतात. ही परीक्षा २०१९ मध्ये ५ मे रोजी झाली. करोनामुळे २०२० मध्ये ती १३ सप्टेंबरला आणि २०२१ मध्ये १२ सप्टेंबरला गेली, २०२२ मध्ये १७ जुलैला आली, २०२३ मध्ये पुन्हा ७ मेला. परीक्षा मेमध्ये झाली तरी आधी वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद यांच्या फेऱ्या चालतात. पशुवैद्यकात बसलेला मुलगा वरच्या फेरीत तिकडे जागा मिळाली की उठतो आणि त्याच्या रिकाम्या जागेवर नवा येतो. शेवटच्या फेरीतला विद्यार्थी वर्गात शिरतो तेव्हा शरीररचनाशास्त्राच्या टेबलावर हाडे ओळखण्याचे काम बरेच पुढे गेलेले असते. परिणाम असा की एकाच वसतिगृहात राहणाऱ्या पाच-सहा तुकड्यांची वर्षे वेगवेगळ्या महिन्यांत सुरू होतात. एकाची परीक्षा, दुसऱ्याची सुट्टी, तिसऱ्याची इंटर्नशिप. शिक्षक तेवढेच. अशा वेळी प्राचार्यांनी ऋतू पाहून वेळापत्रक आखावे असे म्हणणे सोपे आहे, याची मला कल्पना आहे.

तारखांची ही सक्ती जनावराला कशी भोवते, ते बँकेने मला फार जवळून दाखवले. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात दोन म्हशींचे कर्ज दिले जाई. नियम करणारा माणूस जाणता असावा, कारण दुसरी म्हैस पहिलीनंतर सहा महिन्यांनी द्यायची असे त्यात लिहिले होते. एक आटली की दुसरी दुधात, हप्ता खंडत नाही. पण उद्दिष्ट मार्चअखेरचे. त्यामुळे कर्जवाटपाला जोर चढे तो फेब्रुवारी-मार्चमध्ये. पोळा-दिवाळीत व्यायलेली म्हैस तोवर उताराला लागलेली, पुढे चाऱ्याची चणचण आणि ४२ अंशांचे ऊन. काही महिन्यांत शाखेत कानातला बिल्ला घेऊन विम्याच्या दाव्यासाठी शेतकरी उभा राही आणि शवविच्छेदनाच्या दाखल्यासाठी डॉक्टर शोधत फिरे. योजना १९९९ मध्ये गुंडाळली गेली. तिच्या अपयशावर बरेच लिहिले गेले. त्यात भ्रष्टाचाराचा वाटा किती आणि मार्च महिन्याचा किती, याचा हिशेब मात्र कोणी मांडलेला मला आढळला नाही.

ब्रिटनमध्ये पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला पदवीपूर्वी ३८ आठवडे महाविद्यालयाबाहेर काढावे लागत, त्यातले १२ पशुपालनाचे आणि २६ प्रत्यक्ष वैद्यकीय कामाचे. अनेक वर्षे चाललेली ही पद्धत. गंमत म्हणजे हे आठवडे सुट्ट्यांतच काढायचे. तिथे मेंढ्या वसंत ऋतूत वितात आणि ईस्टरची सुट्टीही त्याच सुमारास येते. त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या वर्षाची पोरे सुट्टीत मेंढपाळाच्या गोठ्यात रात्री जागवतात. त्यांच्याकडे सण आणि विणीचा हंगाम एकत्र येतात, आपल्याकडेही येतात. त्यांनी त्या योगायोगाचा उपयोग करून घेतला, आपण दिवाळीला दवाखान्यात माणूस कोण ठेवायचा यावर वाद घालतो.

सक्ती केली की आपल्याकडे संधी येते, हे २०२२ मध्ये दिसलेच. त्या वर्षी ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी त्वचारोग आढळला आणि बघता बघता राज्यभर पसरला. जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना टोचण्याची मोहीम निघाली आणि मनुष्यबळ कमी पडताच इंटर्नशिपच्या विद्यार्थ्यांना गावोगाव धाडण्यात आले. त्या पोरांनी चिखलातून जाऊन काम केले. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे ३ कोटी ३० लाख पशुधन आहे. एवढ्या खटल्याला विद्यार्थ्यांचे हात लागणारच, हे साथ येण्याआधीही ठाऊक होते. घटसर्पाची लस दरवर्षी मेमध्येच लागते, लाळ-खुरकताची वर्षातून दोनदा. त्यासाठी साथीची वाट कशाला पाहायची?

यावर विद्यार्थ्यांचे म्हणणे ऐकले पाहिजे. मी ऐकले आहे. सुट्टी ही आमची एकुलती विश्रांती, तीही तुम्ही काढून घेणार का, असे एकाने विचारले. इंटर्नशिपच्याच वर्षात लोकसेवा आयोगाची पशुधन विकास अधिकारी पदाची तयारी करायची असते, पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा असते. वर गावात फुकटचा मजूर म्हणून वागवले जाते. हे सारे खरे आहे. फुकट काम मागू नये. पण दिवाळीत दहा दिवस तालुक्याच्या दवाखान्यात राहिला तर ते दिवस इंटर्नशिपच्या आठवड्यांत मोजले जावेत, भत्ता वेगळा मिळावा आणि सुट्टी मार्चमध्ये मिळावी, यात त्याचे नुकसान नाही. मार्चमध्ये घरी हळद शिजत असते, म्हणून वसमतकडच्या मुलांना तर ती अदलाबदल हवीच असते, असे मला एका मुलाच्या वडिलांनीच हसत सांगितले.

अडचण निराळ्याच जागी आहे. १९६२ या क्रमांकावर फोन केला की फिरते पथक यावे, अशी सोय सरकारने केली आहे. पण रात्री दोन वाजता म्हैस अडली तर सर्वांत जवळचा माणूस तोच, जो तालुक्याला मुक्कामाला आहे. आणि मुक्काम करायचा कुठे? परभणीहून हिंगोली सत्तरेक किलोमीटर, सेनगाव त्याहून पुढे. मुले सकाळच्या गाडीने येतात आणि शेवटच्या गाडीने परत जातात. म्हैस बहुधा त्यानंतर वितात. इंटर्नशिपला आलेल्या मुलींची संख्या आता चांगलीच वाढली आहे आणि तालुक्याच्या गावी त्यांना सुरक्षित खोली मिळणे मुलांहून अवघड. पाच तालुक्यांत प्रत्येकी दोन खोल्या, एक न्हाणी, एक गॅस आणि रात्री जायला-यायला एक वाहन. बँकेत असताना याहून मोठ्या रकमेचे प्रस्ताव मी एका दुपारी मंजूर होताना पाहिले आहेत. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत हा विषय कोणी मांडणार असेल, तर तो श्रावणाच्या आत मांडला जावा. त्यानंतर निधी मंजूर झाला, तर खोल्या तयार होतील तेव्हा हंगाम संपलेला असेल आणि पहिली तुकडी पुन्हा एप्रिलच्या उन्हात येऊन बसेल.