नाव आकड्याचे नव्हे, प्रयोजनाचे

दशमान मापे रूढ होण्यापूर्वी पायली नावाने सर्वत्र एक असली, तरी मुलुखामुलुखांत ती लहानमोठी भरे. म्हणून परगावी धान्य घेणारा शहाणा माणूस भावाआधी ‘पायली कुठली?’ हे विचारी. संगणकाच्या यंत्रसामग्रीवर हुकमत चालविणारी जी मूळ आज्ञावली, म्हणजे कर्नल, तिच्या लेखकांनीही हा प्रश्न विसरू नये, असे आमचे मत आहे.

माहिती तात्पुरती ठेवण्यासाठी स्मृतीत जी कोठी राखतात, तिला बफर म्हणतात. लिनक्सच्या कर्नलमध्ये चालू कामाच्या नावासाठी १६ बाइटांची कोठी असते आणि नेटवर्क-जोडणीच्या नावासाठीही १६ बाइटांचीच. परंतु पहिल्या मर्यादेचे नाव ‘टास्क_कॉम_लेन’ आणि दुसरीचे ‘आयएफनेमसिझ’, कारण आकडा एक असला तरी हेतू दोन आहेत. अनेक ठिकाणी मात्र नावाऐवजी नुसता १६ लिहिला गेला. त्यामुळे २०२१ साली कामांची नावे लांबविण्याचा विचार निघाला, तेव्हा असे विखुरलेले सोळा हुडकून त्यांच्या जागी नाव घालण्याची उस्तवार करावी लागली.

तथापि उघड्या आकड्याहून लटके नाव अधिक घातक होय. कारण आकडा निदान आपले अज्ञान लपवीत नाही. फाइलमार्गाची मर्यादा ‘पाथ_मॅक्स’ ४०९६ बाइट आहे आणि नेहमीच्या इंटेल यंत्रांवर स्मृतीचे एक पान, म्हणजे ‘पेज_साइझ’, तेवढेच भरते. हा योगायोग पाहून कोणी ४०९६ बाइटांच्या कोठीवर ‘पेज_साइझ’ची मर्यादा घातली, तर जिथे पान ६४ किलोबाइटांचे असते अशा काही एआरएम यंत्रांवर तीच मर्यादा सोळापट होईल, आणि जादा मजकूर शेजारच्या स्मृतीवर सांडेल, शिवाय कर्नलमधील सांडलवंड एका कार्यक्रमापुरती न राहता सबंध यंत्राला भोवू शकते.

नावामुळे आकडा नजरेआड होतो, हा आक्षेप अगदीच गैरवाजवी नाही. म्हणून कोठी समोरच असेल, तर तिचे माप ‘साइझऑफ’ने तिलाच विचारावे. अन्यत्र कसोटी एकच: हा आकडा उद्या बदलला, तर कोणत्या कारणाने बदलेल? ज्या नावात त्या कारणाचा निर्देश असेल तेच लिहावे, आणि तसे नाव दप्तरी नसेल, तर जवळपासचे उसने न आणता नवे ठेवावे.